ज्वारीत टांगलेला ट्रॅक्टर

चहा यायच्या आत सांगून टाकतो, कारण चहा आल्यावर तुम्ही हसलात तर तो अंगावर सांडेल. घोटाळा माझ्याच हातून झालेला आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही. अजूनही विषय निघाला की माझी बायको सुनीता आधी माझ्याकडे बघते, मग कपाटाकडे बघते आणि पदर तोंडाला लावून आत जाते.

माझं पालमला झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, आधार, टीसी, पीकविम्याचा अर्ज, म्हणाल त्याची प्रत काढून देतो. ज्याचं पोटच कागदावर चालतं तो माणूस हवेतल्या वस्तूवर भरवसा ठेवेल का? वस्तू कशी हातात पाहिजे. तिकीट खिशात पाहिजे, फोटो अल्बममध्ये पाहिजे आणि गेम डिस्कवर पाहिजे.

हो, गेम. चाळिशी उलटली तरी मी टीव्हीला मशीन जोडून गेम खेळतो, त्यात लाजायचं काय? कपाटात डिस्कच्या डब्यांची रांग आहे. लोक म्हणतात, अरे डाउनलोड करून घे, डबे सांभाळायची कटकट नको. मी म्हणतो, डाउनलोड केलेला गेम कुणाचा? कंपनीचा. उद्या त्यांच्या मनात आलं तर बंद. डिस्क माझी असते, मी ती कुणाला देईन, नाही देणार. शिवाय आमच्या घरच्या इंटरनेटवर एक गेम उतरवायचा म्हणजे पेरणीला सुरुवात करावी आणि सुगीला खेळायला बसावं.

तर यंदा दिवाळी झाली आणि आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जन्मभर रानात राबलेला माणूस एकदम बाजेवर आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय आखडेल. पण अण्णा पाऊल टाकायला भ्यायचे. कुणाला सांगायचे नाहीत, पण काठी हातात घेतली की लगेच परत बाजेला टेकवायचे. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बोलणंसुद्धा बंद झालं होतं.

मला ते बघवेना. एक दिवस मी शेतीचा गेम लावला आणि त्यांच्या हातात रिमोट दिला. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, काढणी करून माल विकायचा. पाच मिनिटांत अण्णा उठून बसले.

"नांगरट उथळ चाललीय," म्हणाले. पंधरा दिवसांतलं ते पहिलं वाक्य.

मग काय विचारता! सकाळी चहा झाला की अण्णा टीव्हीतल्या रानात. दुपारी जेवण तिथंच. त्यांच्या तक्रारीही सुरू झाल्या. ह्या रानाला बांधच नाही, मग शेजाऱ्याशी भांडायचं कशावरून, असं मला विचारायचे. माणूस बोलायला लागला म्हणून आम्ही खूश. पण चालायचं काही नाव नव्हतं. "एवढी पेरणी आटपू दे, मग चालतो," असं म्हणायचे. आता टीव्हीतली पेरणी कधी आटपते का? पाय आखडत चालला होता आणि मी मात्र माझ्या डिस्कचं कौतुक गावभर सांगत होतो.

अशात आमचा मेव्हणा बालाजी अण्णांना भेटायला येतो म्हणून फोन आला. बालाजी ताडकळसला असतो. पोरगं सोन्यासारखं आहे, पण दोन वर्षांपूर्वी त्यानं माझी एक डिस्क नेली होती आणि परत दिली तेव्हा तिच्यावर ही एवढी रेघ होती. रेघ त्याच्या हातून पडली की आधीचीच होती, हे देवाला माहीत. मी मात्र ती विसरलो नव्हतो.

म्हणून तो यायच्या दिवशी सकाळीच मी मशीनमधून शेतीची डिस्क काढली. लपवायची कुठं? लपवायची जागा अशी पाहिजे, जिथं कुणी कधी हात घालत नाही. मी आमच्या लग्नाच्या सीडीचं कव्हर उघडलं आणि डिस्क सीडीच्या मागं सरकवून ठेवली. आमच्या लग्नाची सीडी आम्ही लग्नानंतर एकदाच बघितली होती, तीही जेवण बिघडवलेल्या आचाऱ्याचं तोंड दिसतं का हे बघायला. कव्हर कपाटाच्या खालच्या खान्यात ठेवलं. अण्णांना सांगितलं, मशीन तापलंय, आज त्याला विसावा.

बालाजी आला. सोबत केळी, बिस्किटं. बसल्या बसल्या त्यानं पहिलाच प्रश्न केला, "दाजी, अण्णा कोन्ता गेम खेळायलेत? डिस्क दावा की जरा."

बघा! आलाच डिस्कवर. मी म्हटलं, मित्रानं नेलीय. तो म्हणाला, डबा तरी दाखवा. मी म्हटलं, डब्यासकट नेलीय. बोलता बोलता मी डबा पायानं बाजेखाली सारला.

जेवण झाल्यावर अण्णांनी विषय काढला. ज्वारीत दाणा भरायला लागला होता आणि रानात पाखरं पडली होती. आमच्याकडं त्यावर एक उपाय असतो, तुम्ही रस्त्यानं जाताना बघितला असेल. जुन्या सीड्या सुतळीला बांधून रानात टांगायच्या. वाऱ्यानं फिरतात, उन्हात लखलखतात आणि पाखरं बिचकतात. बालाजी लगेच उठला, म्हणाला मी जाऊन बांधून येतो.

मला तर तो घरातून बाहेर जायलाच पाहिजे होता, पुन्हा डिस्कचं विचारायच्या आत! मी म्हटलं, कपाटात खालच्या खान्यात जुन्या सीड्या आहेत, घेऊन जा. तेवढ्यात एका गिऱ्हाईकाचा फोन आला. मी फोनवर आणि बालाजी आतून विचारतोय, "दाजी, हेबी न्यायच्या का?"

मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "सगळ्या. सगळ्या घेऊन जा."

तुमच्या ध्यानात आलं ना? माझ्या आलं नाही.

बालाजी रानात जाऊन आला, चहा घेतला आणि गावी गेला. संध्याकाळी अण्णांनी विचारलं, झाला का विसावा? मी डुलत डुलत कपाटाकडे गेलो, लग्नाचं कव्हर उघडलं. आत काही नाही. कव्हर जिथल्या तिथं, नीट बंद केलेलं, आणि आत डिस्कही नाही आणि लग्नही नाही.

आता सरळ डोक्याचा माणूस काय करेल? खाना बघेल, बाकीच्या सीड्या कुठं गेल्या ते आठवेल. पण संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की मान वळत नाही. मी म्हटलं, पोरगं हुशार निघालं. डिस्क नेली ती नेली, वर आपल्यावर शंका येऊ नये म्हणून लग्नाची सीडीही नेली.

हे मी सुनीतेला बोललो. ती माझी दुसरी चूक. "माझा भाऊ चोर हाय म्हनताव का?" एवढंच विचारलं तिनं, आणि त्या रात्री पिठलं मला अळणी मिळालं. बालाजीला फोन लावला तर तो उचलेना. बघा, फोनही उचलत नाही! दोन दिवस असे गेले. अण्णा बंद टीव्हीसमोर बसून राहायचे आणि मशीनला अजून किती ताप आहे असं विचारायचे. त्यांना खोटं सांगताना मला लाज वाटत होती. बोलायला लागलेला माणूस पुन्हा मुका होतो की काय, ही धास्तीही होती.

तिसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढली आणि ताडकळस गाठलं. बालाजीनं दारातच हसून हात धरला. फोन पाण्यात पडला होता म्हणे, कालच दुरुस्त झाला. सासूबाईंनी चहा ठेवला. मी बशीत चहा ओततोय आणि नजर टीव्हीखाली फिरतेय. तिथं मशीन होतं, नवं, पांढरं. शेवटी मी आवाजात जरा वजन आणून म्हणालो, आमची एक डिस्क सापडेना, त्या दिवशी चुकून कुणाच्या पिशवीत तर नाही ना आली.

सासूबाईंचा हात तिथंच थांबला. बालाजीनं हातातली बशी खाली ठेवली. उठला, मशीन उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"दाजी, ह्याला डिस्क घालायची खाच कुठं हाय ते बघा बरं."

मी वर बघितलं, खाली बघितलं, फिरवून बघितलं. खाच नव्हती. ते निव्वळ डाउनलोडवर चालणारं मशीन होतं. ज्याच्यापासून मी डिस्क लपवली, त्याला ती फुकट दिली असती तरी चहाची बशी ठेवण्यापलीकडं उपयोग नव्हता.

"मी त्या दिवशी डिस्क मागलो ते नाव बघायला," तो म्हणाला. "अण्णाला त्याच्यातलं ऊस तोडायचं मशीन घेऊन द्यावं म्हनलो. ते निराळं विकत घ्यावं लागतंय. आन् सीड्या तर तुमीच म्हनलाव सगळ्या न्या. लग्नाची बी बांधलो, तिच्यामागची ट्रॅक्टरवाली बी. अण्णाची तर मित्रानं नेली म्हनलाव, मग ही खराब झालेली असंल वाटलं. दोनदा विचारलो तुमाला."

दोनदा विचारलं होतं हो त्यानं! मला ते पालमचं दुपारचं ऊन, तो फोन आणि माझाच आवाज, सगळं एकदम आठवलं. मी त्याची माफी मागितली, सासूबाईंसमोर, चहा हातात धरून. "ऱ्हाऊ द्या दाजी," म्हणाला आणि त्यानं माझ्या बशीत आणखी चहा ओतला. माझ्या जागी तो असता तर मी इतक्या सहज सोडलं असतं का, मला खरंच वाटत नाही.

तेवढ्यात सुनीतेचा फोन. अण्णा घरात नाहीत. काठी नाही, चपला नाहीत, आणि शेजारी पाजारी कुठंच नाहीत.

दोघांनी माझ्याच गाडीवर टांग मारली. मनात काय काय येत होतं, ते तुम्हाला नको सांगायला. पडले असतील, टाके उसवले असतील, आणि हे सगळं कशामुळं, तर माझ्या एका डिस्कमुळं. पालमला घरी न थांबता थेट रानाकडं वळलो. आमचं रान गावाला लागूनच आहे, पण त्या गुडघ्याला ते काशीइतकं लांब होतं.

अण्णा बांधावर बसले होते. काठी बाजूला, पाय पुढे पसरलेला, आणि मुठीत कोवळी ज्वारी चोळून दाणे तोंडात टाकत होते. सुनीता आमच्या आधी पोचली होती. ती दम खात उभी होती आणि डोळे पुसत हसत होती.

मी पळत जाऊन विचारलं, पाय दुखत नाही ना? ते म्हणाले, "दुखायलाय की. पर चालतंय." आणि मग सांगायला लागले. दोन दिवस टीव्ही बंद, करमेना, पेरणी तशीच पडलेली. मग म्हटलं ते रान न्हाई तर न्हाई, आपलं तर हाय. दर विजेच्या खांबापाशी थांबत थांबत आले होते. "भ्या वाटलं पहिल्या खांबापत्तूर. पुढं न्हाई वाटलं," म्हणाले.

मला रडू आलं. का लपवू? ज्या माणसाला डॉक्टर, मी, सुनीता, कुणीच उठवू शकलो नव्हतो, तो माझ्या मूर्खपणामुळं चालत रानात आला होता. डिस्क जागेवर असती तर ते आजही टीव्हीत नांगरत बसले असते. मी बालाजीकडं बघितलं, त्यानं वर बोट दाखवलं.

ज्वारीवर सुतळी ताणलेली होती आणि तिला शेजारी शेजारी दोन चकत्या फिरत होत्या. एकीवर हिरवा ट्रॅक्टर. दुसरीवर हार घातलेले आम्ही दोघं. सुनीतेनं पदर कपाळावर धरून वर बघितलं.

"ट्रॅक्टरपाशी येक-दोन पाखरं बसायलेत," ती म्हणाली. "आपल्या लग्नापाशी येकबी न्हाई."

डिस्क सोडून घरी आणली, पुसली, मशीनमध्ये घातली. मशीननं ती दोनदा चाटली आणि बाहेर टाकली. तेव्हा बालाजीनं काय केलं ठाऊक आहे? माझं मशीन चादरीत गुंडाळून ताडकळसला नेलं, त्याच्या चांगल्या लाइनवर तोच गेम स्वतःच्या पैशानं घेऊन उतरवला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिला. लोकांचं डाउनलोड हवेतून येतं, आमचं मोटारसायकलवरून आलं. ऊस तोडायच्या यंत्रासकट! असा मेव्हणा मिळायला नशीब लागतं, आणि त्याला चोर म्हणायला माझ्यासारखा दाजी लागतो. अण्णा आता सकाळी रानात जाऊन येतात आणि मगच टीव्हीतल्या रानाला हात लावतात.

पण सवय जाते का हो? गेम आला, पण हातात काहीच नाही. मला झोप लागेना. शेवटी बालाजीकडून त्या खरेदीची पावती मोबाइलवर मागवली, दुकानात रंगीत प्रत काढली, जाड लॅमिनेशन केलं आणि ऐटीत घरी आणून अण्णांना दाखवली. म्हटलं, ही आपल्या गेमची हार्ड कॉपी. कपाटात जपून ठेवतो.

अण्णांनी ती उजेडात धरली. इकडून फिरवली, तिकडून फिरवली. भिंतीवर लखकन कवडसा पडला.

"चमकतंय झ्याक," म्हणाले. "येक सुतळी घे अन् चल माझ्यासंगं. विहिरीकडच्या कोपऱ्याला अजून पाखरं लय यायलेत."

मी गपचूप सुतळी घेतली. बांधताना गाठ नीट बसली का, तेवढं दोनदा विचारलं.