खांबरावांनी दिलेला ताण

दिनांक ६ नोव्हेंबर रोजी खांबरावांनी चारशे ऐंशी रुपयांचे धावण्याचे बूट घेतले, त्याच संध्याकाळी ते घालून ते धावले आणि ८ नोव्हेंबरला आमच्या हिशेब विभागाचा जिना उलटे उतरले.

खांबराव आमच्या गोदामाच्या पुढच्या गेटवर चौकीदार. एकोणतीस वर्षे एकाच जागी उभे राहिल्यामुळे त्यांना हे नाव पडले. एका नवख्या ड्रायव्हरने त्यांच्या खांद्यावर ओला टॉवेल वाळत घातला होता, अशी गोष्ट गोदामात सांगतात. खांबराव म्हणतात, ते खोटे आहे, टॉवेल नव्हता, शर्ट होता.

गेटवर खुर्ची ठेवायची नाही, असा आमचा नियम आहे. खुर्ची आहे ती मुख्य चौकीदाराच्या केबिनमध्ये. फिरती, हात टेकायला दोन्ही बाजूंना सोय असलेली. ऑक्टोबरात मुख्य चौकीदार निवृत्त झाले आणि सूचना लागली : इच्छुकांनी ११ डिसेंबर रोजी गोदामाभोवती चार फेऱ्या, म्हणजे सोळाशे मीटर, बारा मिनिटांच्या आत धावून दाखवाव्यात. बसायच्या जागेसाठी धावायची परीक्षा कशाला, असे मी मॅनेजरसाहेबांना विचारले. ते म्हणाले, "वरून आलंय."

खांबरावांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. ही तीन वर्षे तरी बसून काढायची, एवढीच त्यांची इच्छा. त्यांच्या पत्नीला हे पटत नव्हते.

"रिटायर झालात की बसायचंच आहे की."

"ते घरी बसणं," खांबराव म्हणाले. "लोक विचारतात, काय, घरीच बसलात का? इथे केबिनमध्ये बसलं की लोक म्हणतात, साहेब बसलेत."

तर पहिल्याच संध्याकाळी खांबरावांनी मागे कुत्रे लागल्यासारख्या चारही फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी अंग जरा आंबले. तिसऱ्या दिवशी ते पगाराच्या पावतीसाठी आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना स्टूल दिले. ते स्टुलावर बसायला लागले, अर्ध्यावर थांबले, थोडा विचार केला आणि परत उभे राहिले.

"कुठे दुखतंय?" मी विचारले.

"साहेब, कुठे दुखत नाही ते विचारा. लवकर संपेल."

माझी पुतणी फिजिओथेरपिस्ट आहे. मी तिला फोन लावला.

"काका, किती वर्षांनी धावले ते?"

"लग्नाआधी एकदा धावले होते म्हणतात. बस सुटत होती."

"मिळाली का?"

"नाही."

ती हसली, मग नीट बोलू लागली. सवय नसताना एकदम जोर केला की स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, आणि चार-पाच दिवसांत आपोआप बरे होतात. झोपून राहायचे नाही, हळूहळू चालायचे. दुखणे ओसरल्यावर एक दिवसाआड धावायचे, पहिल्या आठवड्यात एकच फेरी. आधी दहा मिनिटे चालून अंग गरम करायचे आणि नंतर प्रत्येक स्नायूला ताण द्यायचा. मी सगळे लिहून घेतले. चालण्या-धावण्याचे खांबरावांना तोंडी सांगितले आणि ताणाचा रीतसर तक्ता केला. डावीकडे 'कोणाला' असा रकाना, त्यात पोटरी, मांडीची पुढची बाजू, मांडीची मागची बाजू, कंबर. उजवीकडे 'काय द्यायचे'. त्याच्याच खाली सूचना.

मूळ कागद फाइलला लावायचा आणि संबंधिताला प्रत द्यायची, ही आमची पद्धत. आमचे झेरॉक्स मशीन सहा महिन्यांपासून डावीकडचे दोन इंच खाते, हे सर्वांना माहीत आहे. मलाही माहीत होते. खांबरावांच्या हाती जो कागद पडला त्यावर फक्त एवढे होते :

ताण द्या. तीस सेकंद. दोन वेळा.
ताण देताना श्वास रोखू नका.
दुखेल इतका ताण देऊ नका.
ताण सोडताना झटका नको, हळूहळू सोडा.

खांबरावांनी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खिडकीशी आले. माझ्या महिन्याच्या हिशेबाची जुळणी तीन आकड्यांनी अडली होती.

"साहेब, ताण एकीकडेच द्यायचा की दोन्हीकडे?"

मला वाटले, दोन्ही पायांबद्दल विचारतायत. मी मान वर न करता सांगितले, "दोन्हीकडे. सारखाच. त्यात डावं-उजवं करायचं नाही."

ते सलाम करून गेले. दोन्हीकडे म्हणजे घरी आणि कामावर, असा त्यांनी अर्थ घेतला.

पुढच्या दहा दिवसांत गोदामाची रया गेली. एका ट्रकवाल्याला त्यांनी थांबवले, वाकून चाकाखाली पाहिले, "अरेरे" म्हणाले आणि मनात तीस मोजेपर्यंत गप्प राहिले. मोठमोठ्याने श्वास मात्र घेत होते. मग म्हणाले, "तसं काही नाही. म्हणजे बहुतेक नाही. नाहीच. जा." ट्रकवाला उतरून अर्धा तास गाडीखाली पडून होता. मालाच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला त्यांनी दोन वेळा विचारले, "तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही?" तो कारकून दोन दिवस जेवला नाही.

शेवटी त्यांनी मॅनेजरसाहेबांनाच ताण दिला.

"साहेब, वरून एक जण आले होते. तुमची चौकशी करत होते."

साहेबांनी चहा बाजूला ठेवून शर्टाची वरची गुंडी लावली. तीस सेकंदांनी खांबराव म्हणाले, "पत्ता चुकले होते."

साहेबांनी मला बोलावून घेतले. "तुमच्या खांबाचं डोकं फिरलंय का? परीक्षेच्या यादीतून नाव काढतो मी त्याचं. असला माणूस मुख्य चौकीदार झाला तर आपल्याला कुलूप लावायची वेळ येईल."

त्याच संध्याकाळी खांबरावांच्या पत्नी माझ्या घरी आल्या. चहासुद्धा नको म्हणाल्या.

"भाऊजी, ह्यांना झालंय तरी काय? काल मला म्हणाले, तुझी नणंद राहायला येतेय, महिनाभर. आणि माझ्याकडे नुसते बघत बसले. श्वास असा, भात्यासारखा. मी गाद्या मोजायला लागले, तर म्हणतात, तसं नक्की नाही. मग म्हणतात, बहुधा नाही. मग म्हणतात, येत नाही. मी म्हटलं, झालं एकदाचं, तर पुन्हा म्हणतात, येतेय."

"दुसऱ्यांदा?"

"दोन वेळा द्यायचा असतो म्हणे. तुम्ही लिहून दिलंय म्हणे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी मी फाइलमधला मूळ कागद घेऊन गेटवर गेलो आणि डावा रकाना त्यांना दाखवला. खांबरावांनी 'पोटरी' या शब्दावर बोट ठेवले.

"मला वाटलं, आपल्या अंगातला ताण दुसऱ्याला दिला की आपलं अंग मोकळं होतं," ते म्हणाले. "तुमच्या हिशेबात असतं ना तसं. इकडून काढायचं, तिकडे टाकायचं."

"मग मोकळं झालं का?"

"नाही हो. पोटरीत रोज गोळा येतो. मी समजलो, ताण कमी पडतोय. म्हणून साहेबांपर्यंत गेलो."

मी मॅनेजरसाहेबांना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. साहेब आधी हसले नाहीत. मग ट्रकवाल्याचे आठवून हसले आणि नाव यादीत राहू दिले. दुपारी त्यांनी झेरॉक्स मशीनवर 'बंद आहे' अशी चिठ्ठी लावली.

परीक्षेला अठरा दिवस होते. पुतणी स्वतः येऊन गेली. भिंतीला हात टेकून, एक पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, असा पोटरीचा ताण तिने करून दाखवला. खांबरावांना उभे राहायची सवय असल्याने तो फार छान जमला. इतका, की एकदा ते तसेच भिंतीला टेकून राहिले आणि माल उतरवणारे त्यांच्या पाठीला पोती लावून गेले. पाणी पीत राहा, एक दिवसाआड विश्रांती घ्या, कुठे सणक आली तर तिथेच थांबा, असे तिने बजावले. खांबराव एका फेरीवरून दोनवर, दोनवरून चारवर आले. वेळ बारा मिनिटे वीस सेकंदांवर अडली होती.

अकरा डिसेंबरला दोनच उमेदवार होते. दुसरा मागच्या गेटचा लंबू. वय पस्तीस, पाय एखाद्या शिडीसारखे. खांबराव दहा मिनिटे आवारात चालत होते, तोवर लंबू मोटारसायकलवर बसून होता.

"काका, इथेच दमाल हां," तो म्हणाला.

शिट्टी वाजली आणि लंबू सुसाट सुटला. पहिल्या फेरीत तो दिसेनासा झाला. दुसऱ्या फेरीच्या शेवटी दिसला तो मांडीची मागची बाजू धरून एका पायावर नाचताना. खांबराव आपल्या चालीने तिथे पोहोचले. थांबले तर परीक्षा गेली. म्हणून त्यांनी धावता धावताच सांगितले, "चोळू नकोस. खाली बस."

पुढची फेरी घेऊन आले तेव्हा उरलेले सांगितले. "बर्फ लाव. फडक्यात गुंडाळून. शेक मुळीच नको आज."

"काका, तुम्ही पळा हो," लंबू कळवळून म्हणाला, "बोलण्यात वेळ जातोय तुमचा."

अकरा मिनिटे त्रेपन्न सेकंद. मी स्वतः घड्याळ पाहत होतो. साहेबांनी केबिनचे दार उघडले आणि खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

"बसा."

"बसतो साहेब. आधी जरा चालतो, मग ताण देतो."

साहेब एक पाऊल मागे सरकले. खांबरावांनी भिंतीला हात टेकला, तेव्हा कुठे साहेबांचा जीव भांड्यात पडला.

दहा मिनिटांनी खांबराव खुर्चीत बसले. मुख्य चौकीदार म्हणून त्यांनी पहिला हुकूम सोडला तो समोरच्या ज्यूसवाल्याकडून दोन किलो बर्फ आणण्याचा. लंबूची मांडी तीन आठवड्यांत बरी झाली. बर्फाचे चाळीस रुपये ज्यूसवाल्याला अजून द्यायचे आहेत.