त्याच्या सुऱ्यांची किंमत

ज्या माणसानं मला कुऱ्हाडीला किंमत लावायला शिकवलं, त्यानंच पुढे माझा हात फाडला. या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या सांगता येत नाहीत.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली माझी नोकरी गेली. गाड्यांचा पत्रा दाबायचे साचे मी डिझाइन करायचो. ग्रीन कार्ड झालेलं होतं, त्यामुळे परत जायची वेळ आली नाही, पण रिकामं घरी बसणं मला सोसेना. एका वारलेल्या शेतकऱ्याच्या घरी इस्टेट सेल, म्हणजे मागे राहिलेल्या सामानाची विक्री होती. तिथे एका लाकडी खोक्यात कुऱ्हाडींची गंजलेली पाती मिळाली. दांडे केव्हाच कुजून गेलेले. गराजमध्ये ती पाती व्हिनेगरमध्ये भिजवली, तारेच्या ब्रशनं घासली, आणि गंजाखालून निळसर जुनं पोलाद वर आलं तेव्हा कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. हिकरीच्या चिवट लाकडाचे दांडे तासून बसवले, पाचरी ठोकल्या, कानशीनं धार काढली. बायको म्हणाली, "छान झाल्यात, पण आता यांचं करायचं काय?" म्हणून विकायला निघालो. पुढे दुसरी नोकरी लागली, तरी रविवार सुटला नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की तू कुऱ्हाडी विकतोस हे घरी फोनवर सांगू नकोस, ऐकणारे भलतंच समजतील.

घरापासून तासाभरावर, उत्तरेच्या शेतीच्या भागात, जत्रेच्या मैदानावर रविवारी जुना बाजार भरायचा. तिथे माझ्या शेजारचं टेबल सुरीवाल्याचं. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, तिथून त्यालाही काढलेलं. ट्रकच्या जुन्या स्प्रिंगच्या पट्ट्या भट्टीत तापवून, घणानं ठोकून तो सुऱ्या करायचा. मुठी अक्रोडाच्या लाकडाच्या, म्यानं स्वतः शिवलेली. त्याची बायको लहानखुरी होती. ती मागे खुर्चीवर बसून सुऱ्या कागदात बांधून द्यायची.

पहिल्याच रविवारी त्यानं माझ्या कुऱ्हाडीवरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि टराटरा फाडली. म्हणाला, "एवढ्याला विकलीस तर घेणारा ती पावसात टाकून देईल." मग त्यानं मला शिकवलं. लागलेले तास धर, लाकूड धर, आणि मग तो आकडा लाव ज्याला वस्तू गेली तरी तुला रात्री झोप लागेल. आकडा सांगितला की गप्प बसायचं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हाताकडे बघायचं. हातानं वस्तू खाली ठेवली नाही तर ती विकली गेलीच समज. त्या दिवशी दुपारपर्यंत माझी भवानीही झाली नव्हती. त्यानं सांगितलेला भाव लावला आणि संध्याकाळच्या आत दोन कुऱ्हाडी गेल्या.

त्याचं स्वतःचं मात्र असं होत नसे. त्याच्या सुऱ्या महाग होत्या आणि त्या बाजारात येणारे लोक जुने जोडे, मक्याची कणसं आणि चार डॉलरचे नट-बोल्टचे पाने घेणारे. एकदा एकानं आपली टोपी टेबलावर ठेवली, शिकारीची सुरी उचलून बघितली आणि हसत निम्म्या किमतीला मागितली. सुरीवाल्यानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि टोपीतून आरपार टेबलात रोवली. तो माणूस टोपी तिथेच टाकून गेला. बोलणं नाही, शिवी नाही. पातं किती तरी वेळ थरथरत होतं.

दुसऱ्या एका रविवारी तो लंगडत आला. पॉलिशच्या फिरत्या चाकानं त्याच्या हातातलं पातं ओढून घेतलं होतं आणि भिरकावून त्याच्याच मांडीत घुसवलं होतं. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, की त्यानं ते स्वतः उपसलं, मांडी पट्ट्यानं आवळली आणि आधी हातोडा घेऊन ते मशीन फोडलं. मशीनचे तुकडे झाल्यावर दवाखान्यात गेला. हे सांगताना तिचा वरचा ओठ सुजलेला होता. मशीननंतर आणखी कोणाची पाळी आली असावी हे मला विचारावं लागलं नाही.

भांडणाचं कारण नेहमी एकच असे. तो कॉफी आणायला किंवा कुणाशी बोलायला गेला की ती कमी भावात एखादी सुरी विकून टाकायची. घरात भाडं द्यायचं असायचं, तो ऐकायचा नाही. परत आल्यावर टेबलावरची मोकळी जागा त्याला लगेच दिसे. मग तो तिला दंडाला धरून ट्रकच्या मागे घेऊन जायचा. ट्रकच्या पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा आवाज यायचा. परत आली की ती केस नीट करून खुर्चीवर बसायची. मी बाजाराच्या मॅनेजरला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, नवरा-बायकोचं आहे, टेबलाचं भाडं वेळेवर येतं. मी तिलाही विचारलं, पोलिसांना बोलावू का. ती म्हणाली, "तू बोलावशील आणि घरी जाशील. मला त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसायचं असतं."

तो दिवस उन्हाळ्यातला होता, भर दुपारचा. सुरीवाला सॉसेज आणायला गेला होता. एक तरुण जोडपं आलं, मुलीला स्वयंपाकाची लांब सुरी आवडली. सुरीवाल्याच्या बायकोनं भाव उतरवला आणि दिली. तो परत आला, हातातलं खाणं त्यानं हळूच टेबलाच्या कडेला ठेवलं आणि कितीला गेली म्हणून विचारलं. तिनं खरं ते सांगितलं.

या वेळी त्यानं तिला ट्रकमागे नेलं नाही. मागून तिचे केस धरले आणि तिचं तोंड टेबलावर, सुऱ्यांच्या ओळीतच दाबलं. एक पातं तिच्या गालाखाली आलं. पांढऱ्या चादरीवर लाल डाग पसरायला लागला आणि तो तिच्या कानाजवळ वाकून त्या सुरीची खरी किंमत पुन्हा पुन्हा सांगत राहिला, लहान मुलाला पाढे शिकवावेत तशी.

मी टेबल ओलांडून कसा गेलो ते मला आठवत नाही. मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि पिरगाळलं. त्यानं तिला सोडलं, दुसऱ्या हातात जी सुरी आली ती घेतली आणि वळला. मी डावा हात पुढे केला. दुखलं नाही. कुणीतरी तळहातावरून थंड बोट ओढलं असं वाटलं. मग पंजा उघडला, पुस्तकासारखा, आणि आत पांढरं काहीतरी दिसलं. रक्त त्यानंतर आलं. तो पुन्हा पुढे आला, या वेळी पोटाच्या रोखानं. मी मागे सरताना पडलो.

माझ्या टेबलाशेजारी पिंपात सुटे दांडे विकायला ठेवलेले असायचे. तिनं त्यातला एक उपसला आणि त्याच्या कोपरावर मारला. कोरडी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. सुरी पडली. तिनं दुसरा घाव गुडघ्यावर घातला, तिसरा खांद्याच्या हाडावर. तो खाली कोसळला तरी ती थांबली नाही. गालातून रक्त हनुवटीवर येत होतं आणि ती लाकूड फोडावं तशी, श्वास घेऊन, नेम धरून मारत होती. आता डोक्यावर बसणार हे दिसलं तेव्हा मी रक्ताळलेल्या हातानं तो दांडा धरला. तिनं तो माझ्या हातातून ओढला, माझं रक्त तिच्या तोंडावर उडालं. मी म्हणालो, "पुरे. मरेल तो." ती म्हणाली, "म्हणूनच." पण तिनं दांडा खाली टाकला.

शस्त्रक्रियेत दोन बोटांच्या नसा शिवल्या. एका बोटाला आजही गरम-गार कळत नाही. माझी बायको हॉस्पिटलात उशाशी बसून होती. म्हणाली, "तू मध्ये पडलास याचा मला राग नाहीये. तू त्याच्या शेजारी इतके महिने बसलास, याचा आहे."

कोर्टात सरकारी वकिलानं ती सुरी मला दाखवली आणि धार कशी होती असं विचारलं. मी म्हणालो, उत्तम. आणि मग माझी जीभ सवयीनं पुढे सरकली. पातं पाठीकडे जाड, धारेकडे निमुळतं कसं आणलंय, पोलादाला पाणी किती एकसारखं दिलंय, मूठ हातात कशी बसते, सगळं मी सांगत गेलो. ज्यूरीतली एक बाई माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत होती. सुरीवाला प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून मान खाली घालून ऐकत होता. त्याला तुरुंगवास झाला. त्याच्या बायकोवर गुन्हा दाखल झाला नाही.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. तिला राज्य सोडून बहिणीकडे जायचं होतं आणि गराजमध्ये सुऱ्यांची एक पेटी भरून उरली होती. म्हणाली, "किमती लाव. तो सांगायचा त्या नकोत, मी विकायचे त्याही नकोत. खऱ्या लाव."

तिच्या गराजमध्ये मी एका हातानं एकेक सुरी उचलत होतो. ज्यानं मला कापलं त्याच्या कामात खोट सापडावी अशी माझी फार इच्छा होती. एखादी मूठ सैल निघावी, एखाद्या पात्याला बाक असावा. सापडली नाही. मी भाव सांगत गेलो, ती चिठ्ठ्या बांधत गेली. अर्ध्यावर आल्यावर ती थांबली.

"या तर त्याच्याच किमती आहेत."

"काही थोड्या जास्त आहेत," मी म्हणालो. "चुकीच्या बाजारात बसला होता तो. दक्षिणेकडे संग्राहकांची मोठी प्रदर्शनं भरतात, तिथे ने."

"म्हणजे तो खरं बोलत होता."

"किमतीबद्दल, हो."

तिनं पेटीतली सगळ्यात मोठी सुरी घेतली, टेबलाला जोडलेल्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळली, तिच्यावर लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढायला लागली. पातं वाकलं, तुटलं नाही. तिनं उलट्या बाजूला ओढलं. पुन्हा इकडे. तिच्या गालावरचा व्रण ताणून लालभडक झाला. शेवटी पातं मोडलं आणि अर्धा तुकडा सणसणत जाऊन समोरच्या भिंतीत शिरला. तिनं पाइप जमिनीवर ठेवला आणि पुढच्या सुरीची किंमत विचारली.

सुऱ्या प्रदर्शनात विकल्या गेल्या, बहुतेक सांगितलेल्या भावाला. ती बहिणीकडे निघून गेली. त्यानंतर एकदा नाताळात कार्ड आलं, त्यावर पत्ता नव्हता.

मी पुन्हा बाजारात बसायला लागलो, आणि काही वर्षांनी, २००८ च्या वसंतात, तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. वाळला होता. उजवं कोपर पूर्ण सरळ होत नव्हतं, त्या हातानं आता घण पेलणार नव्हता हे दिसत होतं. ती कुठे आहे असं त्यानं विचारलं. मी माहीत नाही म्हणालो. मग सुऱ्या कितीला गेल्या असं विचारलं. मी आठवतील तेवढ्या सांगितल्या. प्रत्येक आकड्याला तो मान हलवत होता. मोठीचं काय झालं म्हणाला. मोडली, असं मी सांगितलं.

"कशी?"

"शेगड्यात. तिनं."

"किती वेळ लागला?"

"खूप."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते समाधान होतं असं मला वाटतं, आणि त्यानंच माझं डोकं फिरलं. त्यानं टेबलावरची दुधारी कुऱ्हाड डाव्या हातात घेतली, तोलून बघितली, चिठ्ठी वाचली आणि खिशात हात घातला.

"तुला विकायची नाही," मी म्हणालो.

"चिठ्ठी लावलीय."

"तुला नाही."

त्यानं कुऱ्हाड सावकाश खाली ठेवली. मग टेबलाची कड धरली आणि सगळं टेबल माझ्या अंगावर उलटं केलं. पाती माझ्या नडग्यांवर, बुटांवर आदळली. एक पातं पिंडरीत घुसलं. मी खाली वाकलो आणि जी मुठीत आली ती कुऱ्हाड घेऊन उभा राहिलो, धार त्याच्याकडे करून, खांद्याच्या वर. मी त्याला हाकलायला ती उचलली नव्हती. त्याच्या मानेत कुठे घालायची ती जागा मी बघून ठेवली होती. त्यालाही ती दिसली असावी. तो माझ्या हाताकडे बघत दोन पावलं मागे गेला, वळला आणि गर्दीतून चालत निघून गेला.

मी कुऱ्हाड खाली केव्हा केली, कळलं नाही. बूट रक्तानं भरत होता. आजूबाजूचे विक्रेते येऊन टेबल उभं करायला लागले. बागकामाच्या कपड्यांतली एक म्हातारी बाई गवतातून कुऱ्हाडी गोळा करून फडक्यानं पुसून ठेवत होती. त्यातली एक छोटी कुऱ्हाड तिनं ठेवली नाही. हातात तशीच धरून तिनं विचारलं, घरामागच्या सफरचंदाच्या झाडाच्या वाळलेल्या फांद्यांना ही चालेल का. मी म्हणालो, चालेल, पण दांडा तुमच्या उंचीला जरा लांब आहे, दोन इंच कापून देतो. पायाला रुमाल बांधला, करवत काढली, आणि दांडा कापायला बसलो.