शेड रस्ता ओलांडून गेली

ते प्रकरण आठवलं की आजही माझे तळहात चुरचुरतात. खून नव्हता, दरोडा नव्हता. पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. पण सगळ्या नोकरीत मी आश्चर्यानं तोंडात बोट घातलं ते एकदाच, आणि ते त्या गावात.

मी सातवी पास. पोलिसात भरती झाले तेव्हा तेवढं चालायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात हवालदार होते. ठाण्यात बाया आम्ही दोघीच. कुठं अतिक्रमण काढायचं असलं आणि बायका आडव्या पडतील अशी भीती असली की आमची आठवण व्हायची. एरवी समन्स वाटायचे आणि वायरलेसजवळ बसायचं.

गाव पेठ वडगावच्या बाजूचं. नाव सांगत नाही. गावातून एक गाडीवाट जाते. सरकारनं त्या भागाचा विकास आराखडा केला तेव्हा नकाशावर त्या गाडीवाटेनंच रेष ओढली. वाटेच्या अलीकडं पिवळा पट्टा, म्हणजे घरं, दुकानं, गिरण्या चालतील. पलीकडं हिरवा पट्टा, म्हणजे शेती आणि फक्त शेती. नकाशा करणाऱ्यांनी गाव बघितलं होतं की नाही देव जाणे. कारण पलीकडं नुसती शेती नव्हती. बौद्ध वस्ती होती, गावाइतकीच जुनी. रेष पडली आणि ती वस्ती कागदावर रान झाली. अलीकडच्या माणसाला दुकानाचा परवाना मिळे, धंद्याचं मीटर मिळे, बँक दारात उभं करून घेई. पलीकडच्याला साहेब लोक एकच सांगत, तुमची जागा हिरव्यात आहे.

त्या वस्तीतल्या एका विधवा बाईचा डंक होता. डंक म्हणजे चटणीची मिरची कांडायचं यंत्र. मीटर मिळत नव्हतं म्हणून तिनं डिझेलचं इंजिन लावलं होतं. पाया घातला तर पक्कं बांधकाम धरतील म्हणून पायाही घातला नव्हता. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मातीवर आडवे टाकलेले, त्यांवरच डंक बसवलेला, आणि त्याच स्लीपरना लोखंडी अँगल जोडून वर पत्र्याची शेड. इंजिन बाहेर उघड्यावर.

पण तिच्या हाताला चव होती. उन्हाळ्यात आसपासच्या वाड्यांतल्या बायका मिरच्यांची पोती घेऊन तिथंच यायच्या. बायका थांबायच्या म्हणून चहाची टपरी झाली. कांदा, लसूण, खोबरं, तीळ विकणारे बसायला लागले. एसटी तिथं थांबायला लागली. ज्या बायका तिच्या वस्तीत पाणी पीत नव्हत्या, त्या तिच्या डंकापुढं रांगेत बसत. मी हे चांगलं म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगते.

पिवळ्या पट्ट्यात एकाचं मोठं किराणा दुकान होतं. गावातला एकमेव सार्वजनिक फोनही त्याच्याच दुकानात. त्याला स्वतःचा डंक टाकायचा होता. त्यानं तक्रार केली की हिरव्या पट्ट्यात बेकायदा धंदा चालतो. तक्रार खरी होती, कायद्यानं त्याचंच बरोबर. वरून माणसं आली, शेडच्या दाराला कुलूप घातलं, लाखेचं सील मारलं, आणि आठवड्यानं शेड पाडायचा हुकूम झाला. मिरच्या वाळत पडायच्या दिवसात.

पाडायच्या दिवशी आम्ही सकाळी पथकाबरोबर गेलो. ट्रॅक्टर, मजूर, पहारी, सगळं घेऊन. मी काठी घट्ट धरली होती, बायका अंगावर येतील म्हणून. एकही बाई आली नाही. शेडही नव्हती.

जागेवर चार लांब दाबलेले चर होते, स्लीपरचे. आणि सगळ्या मातीवर लाल भुकटी. पथकाचे साहेब हुकुमाचा कागद हातात धरून त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिले. इतकी मोठी पत्र्याची शेड, आत लोखंडी डंक, बाहेर इंजिन, आणि एक खिळासुद्धा मागे नाही. सुटी करून नेली म्हणावं, तर तुकडा पडलेला नाही. ट्रकनं नेली म्हणावं, तर चाकाचा माग नाही.

दुकानदार तिथंच उभा होता. आदल्या दुपारी तो पथकाची नक्की वेळ घ्यायला कोल्हापूरला गेला होता, परत यायला अंधार झाला. तो म्हणाला, सरकारी सील मारलेला माल पळवलाय, गुन्हा दाखल करा, बाईला आत घाला. त्याचंही बरोबर होतं. सीलबंद मालाला हात लावणं हा गुन्हाच.

पंचनामा केला. गावातले दोन पंच घेतले. आदल्या दुपारी कोण कुठं होतं ते विचारलं, तर अख्खं गाव एकच उत्तर देत होतं.

"आमी रानात गेलतो."

"सगळेच?"

"सुगी हाय न्हवं."

सरपंचही रानात. टपरीवाला, ज्याला रानच नाही, तोही रानात. मी बरीच वर्षं जबाब ऐकले होते. खोटं बोलणारी माणसं जास्त बोलतात. ही माणसं एक वाक्य बोलून गप्प बसत होती. त्यातली निम्मी शिंकत होती. ते मी भुकटीमुळं धरलं. पंचांनी सही करताना पेन दोन बोटांच्या चिमटीत धरलं, तेही मी बघितलं आणि सोडून दिलं.

बाईला आम्ही ठाण्यात आणलं. आमच्या साहेबांचा, म्हणजे इन्स्पेक्टरांचा, दंडक होता की दिवस मावळल्यावर बाईमाणूस ठाण्यात ठेवायचं नाही. त्यामुळं तिला अटक दाखवायची की सोडायची हे मावळतीच्या आत ठरवायचं होतं. अटक झाली असती तर डंक कायमचा गेला असता आणि तिच्या हाताखालच्या बायकांची चूलही.

चौकशी माझ्याकडं दिली. मी तिला चहा दिला आणि सरळ विचारलं, शेड कुठं आहे.

ती म्हणाली, "बाई, मला इचारताय तर सांगते. मी एकटीनं ती उचलली असंल तर मला जेलात न्हाय, आखाड्यात घाला."

बाहेरचा शिपाई हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. मी दम दिला. समजावलं. जेलात काय होतं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि कपाच्या कडेनं बोट फिरवत होती. मला वाटलं हिचे हात भाजले असतील, म्हणून ओढून तळवे बघितले. नुसती ढोराची कातडी. एक लाल ठिपका नाही.

"भाजत नाही तुला मिरची?"

"पयल्या साली भाजली. नव्या मानसाला भाजती. आता मला लागत न्हाय."

एवढंच ती बोलली आणि माझ्या डोक्यात सकाळचे ते पंच उभे राहिले, चिमटीत पेन धरलेले. एकाच्या तळव्याला तेल चमकत होतं. टपरीवाल्यानं चहाचे ग्लास फडक्यात धरून दिले होते. सरपंच हात पाठीमागं बांधून बोलत होते. वर्षानुवर्षांची मिरचीची भुकटी त्या पत्र्यांवर आणि लाकडांवर बसलेली. घामेजल्या हातांनी ती उचलली तर दोन दिवस हात दुधात बुडवून बसावं लागेल.

मी साहेबांकडं सांगायला उठले, तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. मीच उचलला. बाईचा आवाज होता.

"शेड हुडकताय न्हवं? गाडीवाटंच्या अलीकडं, उसाच्या मागं बघा. आनि त्या बाईला सोडा."

मी नाव विचारलं. पलीकडून एक शिंक आली आणि फोन ठेवला.

साहेबांना म्हटलं, त्या गावात फोन एकच आहे आणि तो तक्रारदाराच्या दुकानात. साहेबांनी टोपी घातली. बाईला घेऊन आम्ही जीपनं निघालो.

गाडीवाटेच्या अलीकडं, पिवळ्या पट्ट्यात, न तुटलेला ऊस उभा होता. बांधानं आत गेलो. उसाच्या मागं मोकळ्या तुकड्यात शेड उभी होती, शेजारी इंजिन. सरळ उभी. पत्रा वाकलेला नाही. दाराला कुलूप, कुलपावर लाखेचं सील, सीलवर कार्यालयाचा शिक्का. तडासुद्धा गेलेला नव्हता. भोवती लांब कळक, म्हणजे जाड बांबू, पडलेले. बुंध्याच्या बाजूनं खांद्यांना घासून गुळगुळीत झालेले.

आमच्याकडं पावसाळ्याआधी कुणाच्या गोठ्याचं छप्पर चढवायचं असलं की गावाला हाळी देतात, हाक मारून बोलावतात. खालून कळक सारायचे, घरटी एक माणूस, एका दमात उचलायचं. मी लहानपणी छपरं उचललेली बघितली होती. डंकासकट उभी शेड, रस्ता ओलांडून, उसातनं, दाराच्या लाखेला धक्का न लावता, ही बघितली नव्हती. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

शेडच्या सावलीत एक म्हातारी पोत्यावर बसली होती. दोन्ही तळहात ताकाच्या वाडग्यात. ती दुकानदाराची आई. तुकडा तिच्या नावावर होता.

मी म्हटलं, "आजी, तुम्हीपण उचलली?"

"मला काय उचलतंय? हात लावला. घरटी एक हात लागतो, आमच्या घरातनं कोन जानार? पोरगं तर तुमास्नी आनाया गेलतं."

तेवढ्यात जीप बघून दुकानदार धावत आला. मागं सगळं गाव. त्यानं शेड बघितली, मग आईकडं बघितलं. म्हणाला, "आये, आपल्या जाग्यात? तिचा डंक?"

"तुझा डंक हाय का? न्हाय न्हवं? माझ्या मिरच्या वाळल्यात. तुझ्या कागदानं कांडून देतोस का?"

कुणी हसलं नाही. त्याची बायको पदरात तोंड घालून शिंकली. मी ती शिंक ओळखली, पण बोलले नाही.

साहेबांनी मला विचारलं, आरोपी कोण. मी गावाकडं वळले आणि म्हटलं, हात दाखवा.

आधी कुणी हलेना. मग सरपंचांनी पाठीमागचे हात पुढं काढले. तुपानं माखलेले. मग टपरीवाला, मग दोन्ही पंच. मग सगळेच. गावातले आणि वस्तीतले एकमेकांत मिसळून उभे होते आणि सगळ्यांचे तळहात पुढं. लाल, सुजलेले, कुणाला हळद, कुणाला तेल. तळहातांवरून कोण अलीकडचं आणि कोण पलीकडचं ते कळत नव्हतं. मी रडणारी बाई नाही. तेव्हाही रडले नाही. पण काठी खाली टेकवली.

साहेबांनी सील तपासलं, हातानं चाचपून. मग सवयीनं डोळा चोळला. आणि असे उड्या मारायला लागले की म्हातारीनं ताकाचा वाडगा त्यांच्यापुढं केला.

डोळा धुऊन झाल्यावर साहेबांनी पथकाच्या साहेबांना बोलावून घेतलं. सील शाबूत होतं. पाडायचा हुकूम पलीकडच्या गट नंबरचा, म्हणजे जमिनीच्या त्या तुकड्याचा होता, आणि तिथं आता काही नव्हतं. इथं पिवळ्या पट्ट्यात डंक चालतो, जागेची मालकीण राजी होती. साहेबांनी दुकानदाराला समोर बसवून सांगितलं की आरोपी करायचे तर सगळे करावे लागतील, यादी तुझ्या आईपासून सुरू होईल. तो उठून गेला. प्रकरण 'क' समरीत बंद झालं, म्हणजे वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दाखल झालेलं. पुढच्या आठवड्यात सील रीतसर निघालं. मग मीटर मिळालं, इंजिन गेलं, मोटर आली.

हे गाव देवमाणसांचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्या बाईवरच्या मायेनं खांदा दिला नाही. मिरच्या वाळल्या होत्या, सुगी चुकली असती, टपरी बसली असती, एसटी थांबायची बंद झाली असती. नकाशा करणाऱ्याला जे दिसलं नाही ते गावाला पक्कं ठाऊक होतं, की आपला बाजार त्या शेडवर उभा आहे. नकाशावरची रेष हलवायला त्यांनी किती अर्ज केले असते आणि किती वर्षं गेली असती? त्यांनी रेष तिथंच ठेवली आणि बाजार उचलून अलीकडं आणला. माणसं ठरवून एका दमात उचलतात तेव्हा काय उचलू शकतात, हे मी त्या दिवशी शिकले. आणि कशासाठी उचलतात, हेही.

निवृत्त झाल्यावरही मी चटणी तिथूनच आणते. आता शेडच्या दोन्ही अंगाला दुकानांची रांग आहे, बँक आहे, पक्का स्टँड आहे. ऊस गेला. गाडीवाटेच्या पलीकडं वस्ती आहे तशीच आहे, हिरव्या पट्ट्यात. ती बाई सकाळी रस्ता ओलांडून धंद्याला येते आणि संध्याकाळी रस्ता ओलांडून घरी जाते. घराला अजून कर्ज मिळत नाही.

मी एकदा तिला म्हटलं, शेड आणली तसं घरही आणायचं होतं की अलीकडं, तेव्हाच.

ती मिरचीचे देठ खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "घर उचलाया कोन येतंय, बाई? घरात डंक न्हाय."