भाऊजींच्या गाडीची उंच बटनं

सकाळी मी पोहे भिजवत होते, तेव्हा निखिलचा फोन आला. निखिल माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा, इथे रायपुरातच बँकेत आहे. मराठी सगळं समजतं, बोलतो मात्र हिंदीतच. "काकी, पापा नहीं रहे," एवढंच म्हणाला. वसंतभाऊजी पहाटे झोपेतच गेले होते. आदल्या संध्याकाळी ते आमच्याकडे बसून गेले होते. बिनसाखरेचा चहा घेतला, माझ्या स्कूटीचा सैल झालेला आरसा कसून दिला, "येतो मीना" म्हणाले आणि मोटरसायकलवर बसून निघून गेले... माणूस असाही जातो, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आता काही आठवडे झालेत. लोक त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा 'शांत माणूस', 'कष्टाळू माणूस' असं बोलतात. ते खरंच आहे. पण मला आठवतात ते व्हरांड्यात पाट टाकून, गाडीच्या मुठीशी डोळे लावून बसलेले भाऊजी.

ते सिलतऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निखिल शाळेत असताना तिथे मशीनच्या पट्ट्यात त्यांचा डावा हात सापडला. हात वाचला, अंगठा गेला. आम्ही दवाखान्यात पोचलो तर सिंधूताई, माझ्या जाऊबाई, बाहेर बाकावर भिंतीकडे बघत बसल्या होत्या. आत भाऊजी शुद्धीवर होते. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अंगठाच गेला ना रे. हात आहे." धीर आम्ही त्यांना द्यायचा, तर तेच आम्हाला देत होते.

जखम भरली, कारखान्यानं त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं. प्रश्न राहिला मोटरसायकलचा. नातेवाइकांचं एकच म्हणणं होतं, गाडी विकून टाका. पण त्या गाडीवर या नवराबायकोचा संसार चालला होता. भाजी, लग्नकार्य, सिंधूताईंचं दुर्गचं माहेर, सगळीकडे दोघं गाडीनंच जायची. भाऊजींनी मैदानात जाऊन चालवून पाहिली. क्लच चार बोटांनी दाबता येत होता, मूठही तळव्यात बसत होती. अडत होतं ते बटनांपाशी. हॉर्न, इंडिकेटर, डिपर ही तिन्ही बटनं डाव्या मुठीजवळ, आणि तिन्ही अंगठ्यानं चालवायची. अंगठ्याच्या जागी उरलेला खुंट त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

तरी एकदा ते सिंधूताईंना घेऊन सदर बाजारात गेले. तिथे हॉर्नशिवाय गाडी काढणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. समोर एक हातगाडी आडवी आली. भाऊजींनी हॉर्नसाठी उजवा हात पलीकडे नेला आणि गाडी तोल जाऊन एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला टेकली. लागलं कुणालाच नाही. पण सिंधूताई उतरल्या आणि चालत घरी आल्या. संध्याकाळी माझ्यासमोरच भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही चालवा, मी नाही म्हणत नाही. पण मी बसणार नाही आता मागं. मले भेव वाटते."

भाऊजी रागावले नाहीत. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. अंगठा बटनापर्यंत जात नाही... तं बटनालेच इकडं यावं लागन."

दुसऱ्या दिवशी ते तात्यापाऱ्यातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले आणि बटनांवरच्या नुसत्या टोप्या मागितल्या. दुकानदारानं समजावलं, "भैया, पूरा स्विच ले लो, खाली कैप कौन बदलता है?" भाऊजी टोप्याच घेऊन आले. पुढचे कित्येक रविवार त्यांनी व्हरांड्यात घालवले. मुठीखालचे स्क्रू काढायचे, स्विचचं खोकं दोन भागांत उघडायचं, जुनी टोपी हलक्या हातानं उपसायची, आतली धूळ ब्रशनं झाडायची आणि नवी टोपी दाबून बसवायची. अंगठा असलेल्या माणसाचंही ते काम किचकट. भाऊजी स्क्रू दातांत धरायचे, पेचकस उजव्या हातात.

नुसत्या नव्या टोप्यांनी भागणार नव्हतं, त्या उंच करायच्या होत्या. आधी त्यांनी रबरी चपलेचा तुकडा चिकटवला, तो दाबला की वाकायचा. मग टूथब्रशची दांडी कापून, कानशीनं घासून चिकटवली. ती छान बसली, पण रायपूरच्या उन्हात गोंद पाघळला, टोपी तिरपी होऊन अडकली आणि हॉर्न वाजतच राहिला. दुपारची वेळ. सगळी गल्ली बाहेर आली. शेजारच्या दुलारीबाईंनी फाटकातून विचारलं, "का होगे भैया?" भाऊजी वायर सोडवता सोडवता शांतपणे म्हणाले, "कुछ नहीं दीदी, आज बटन बोल रहा है." अपघातानंतर सिंधूताईंना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं ते त्या दिवशी.

शेवटी त्यांनी टोपीला बारीक भोक पाडून दांडीचा तुकडा पितळी तारेनं अडकवला, आणि मग तो हलला नाही. तिन्ही बटनं आता मुठीकडे झुकून उभी होती. दिसायला विचित्र, पण खुंटाच्या नुसत्या स्पर्शानं चालत होती. भाऊजी आठवडाभर एकटेच गाडी फिरवून आले. मग एका सकाळी गाडी फाटकाशी उभी करून त्यांनी सिंधूताईंना हाक मारली. "मागं बसू नको. फक्त हे दाबून पाहा." सिंधूताईंनी आपला अंगठा दुमडून तळव्याच्या कडेनं हॉर्न दाबला. मग इंडिकेटर, मग डिपर. परत हॉर्न. मग आत गेल्या, चपला घालून आल्या आणि मागं बसल्या. "दुर्गला जाऊ," म्हणाल्या. "आईले भेटून खूप दिवस झाले."

त्यांचं लक्ष नुसतं स्वतःच्या हातावर नव्हतं. दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्या अंगठ्याचा सांधा दुखायला लागला. मी कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा ते माझ्या मागून येत होते. घरी पोचल्यावर म्हणाले, "मीना, तू वळताना इंडिकेटर काहून देत नाहीस? अंगठा दुखून राहिला ना तुझा?" स्कूटीचं बटन कडक झालं होतं. ते उघडून, साफ करून, जरा रुंद टोपी बसवून त्यांनी संध्याकाळपर्यंत गाडी परत आणून दिली. उपकार केल्याचा आव नाही की उपदेश नाही. दुसऱ्याचं दुखणं ओळखायचं आणि त्याचा गाजावाजा होऊ द्यायचा नाही, ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

तेरवीला घरात गर्दी होती. कुणीतरी गाडी सरकवताना ती पडली आणि इंडिकेटरची उंच टोपी तुटली. मागच्या रविवारी मी गेले तर निखिल बाजारातली साधी टोपी आणून व्हरांड्यात स्विच उघडत होता. हे काम त्यानं कधी केलेलं नव्हतं. सिंधूताई दारात बसल्या होत्या. इतके दिवस त्या कामापुरतंच बोलत होत्या. निखिलनं स्क्रू सैल केला तशा त्या उठल्या, आतून जुना टॉवेल आणला आणि मुठीखाली अंथरला. "आधी कापड टाकावं लागते. आत स्प्रिंग आहे, मिरीएवढी गोळी आहे. उडाली तं सापडत नाही." मग एकेक सांगत गेल्या. आता हे धर, हे ओढू नको, टोपी बसली की टक आवाज येईल... टक आवाज आला.

"हॉर्न आणि डिपरचीही बदल," त्या म्हणाल्या. "तुले अंगठा आहे, तुले ती उंच कशाले?"

निखिलनं हॉर्नच्या उंच बटनावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "रहने दो आई." आणि खोकं बंद करून त्यानं स्क्रू कसले.

दोघं बाजारात जायला निघाली. गाडी वळवताना त्याचा अंगठा चुकून उंच बटनाला लागला आणि हॉर्न वाजला. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वाजला.

"होते सवय," सिंधूताई म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.