दोरीला पडलेला पीळ

आमच्या विमानाला पंख होते, इंजिन होतं, पण थांबायची अक्कल नव्हती. हातभर लांबीचं ते मॉडेल दोन बारीक पोलादी तारांच्या टोकाला गोल गोल उडायचं आणि नवरा मधोमध तारांची मूठ धरून, ती कलवून विमान वर-खाली नेत त्याच्याबरोबर गरगरायचा. टाकीतलं इंधन संपलं की आधी विमान खाली यायचं, मग चक्कर येऊन नवरा.

उडवायला जागा मिळाली होती माण गावात, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या खळ्यावर. मळणी आटोपलेली आणि भोवती सपाट माळ. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. इंधनात एरंडेल असायचं, त्याचा वास आला की ते विचारायचे, "इमानाला बी जुलाब दिला का?" पण एका रविवारी ते गंभीर होते.

"सायेब, माजी म्हैस गाभण हाय. आवाजानं लई बिथरतीया. मी हात वर केला की हे गप झालं पायजे. जमत नसंल तर पुढल्या ऐतवारपासनं हितं येऊ नका."

नवऱ्याचा चेहरा पडला. दुसरी जागा आम्हाला कोण देणार?

मी तेव्हा रेडिओ जुळवायच्या कारखान्यात होते आणि माझ्या सोल्डरिंगचा मला भारी गर्व होता. आठवडाभर खपून मी एक पेटी केली. तिचं बटण फिरवलं की त्याच दोन तारांतून विमानातल्या छोट्या मोटरला इशारा जायचा आणि ती इंजिनाचा वेग कमी करायची. स्वयंपाकघरात सगळं झकास चाललं.

"तारा उघड्या आहेत, चालेल?" नवऱ्याने विचारलं.

"दोन्ही टोकांना प्लॅस्टिक घातलंय. मधे हवा आहे. हवेतून वीज जाते का? शाळेत काय शिकलात?"

रविवारी पेटी माझ्या गळ्यात, तिची वायर त्याच्या मुठीला. त्यामुळे मलाही त्याच्या पाठीला चिकटून गरगरावं लागलं. लग्नातसुद्धा आम्ही एवढ्या फेऱ्या घातल्या नव्हत्या. मी बटण फिरवलं, वेग उतरला. पुन्हा फिरवलं, चढला. मला आकाश ठेंगणं झालं. नवऱ्यालाही चेव आला आणि त्याने विमानाला वरच्या बाजूने दोन कोलांट्या मारायला लावल्या.

तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

मी बटण फिरवलं. काही नाही. शेवटपर्यंत पिळलं, तरी विमान आपलं भणाणतंय. तिकडे म्हैस खुंट्याला हिसके द्यायला लागली.

"अहो, काय तोडलंत तुम्ही?" मी त्याच्या कानात ओरडले.

बाबा मात्र हात कपाळाशी धरून तारांकडे बघत होते. "दोरीला पीळ पडलाय!" ते ओरडले. "मळणीत बैलाचा कासरा पिळला की उलटं फिरवून काढतोय आमी! तशा उलट्या कोलांट्या मारा!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोलांट्यांनी उघड्या तारा एकमेकींवर चढून चिकटल्या होत्या, इशारा विमानापर्यंत पोचतच नव्हता आणि माझी ती मधली हवा केव्हाच निघून गेली होती.

खालच्या बाजूने कोलांटी नवऱ्याने कधी मारली नव्हती. "जमिनीत घुसेल गं!"

"घुसू दे! मारा!"

पहिली मारली. माळावरचं गवत हललं. दुसरी मारली आणि तारा सुट्या झाल्या. मी बटण फिरवलं. आवाज उतरत उतरत गुरगुरण्यावर आला आणि विमान माळावर अलगद टेकलं. म्हैस पुन्हा रवंथ करू लागली. मला रडूच फुटायचं बाकी होतं.

बाबा पेटीवर बोट ठेवून म्हणाले, "बाई, यंत्र झ्याक हाय. पण हवेवर इसंबून ऱ्हाऊ नका. या पुढल्या ऐतवारी."

परतताना नवरा स्कूटर चालवत होता, मी मागे पेटी धरून बसले होते. शेवटी मीच म्हणाले, "चूक माझी होती."

त्याने स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मागे वळून म्हणाला, "आता नीट ऐकू येईल. पुन्हा म्हण."