मॅडमला मशीन ठरवलं त्याची गोष्ट

हे तुम्हाला सांगू की नको, असा विचार करत मी अर्धा कप चहा संपवला. पण आमचे पगारे सर कुठे ना कुठे सांगणारच, आणि वर तिखटमीठ लावून सांगणार. त्यापेक्षा मीच सांगतो. हसा, फक्त चहाचा ठसका लागू देऊ नका.

मी नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की प्रत्येक शिक्षकाने एआयची ओळख करून देणारा ऑनलाइन कोर्स करायचाच.

आता हे कोर्स आम्ही कसे करतो? व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा, फोन चार्जिंगला ठेवायचा आणि निवांत वर्गावर जायचं. व्हिडिओ आपला आपणच शिकत राहतो! मग चाचणी. तिची उत्तरं ग्रुपवर आधीच येऊन पडलेली असतात. ‘शिक्षकाने स्वतः विचार करावा का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ आहे, हेसुद्धा आम्हाला ग्रुपवरूनच कळलं.

मी मात्र एक व्हिडिओ पूर्ण बघितला. तिथेच घात झाला.

त्यात एआयने बनवलेली खोटी माणसं कशी ओळखायची ते होतं. पापणी लवत नाही. मान हलत नाही. कान अर्धवट गायब होतात. बोटं कमीजास्त असतात. आणि आपण काहीही बोललो तरी गोड बोलतात. झालं! मला जिकडेतिकडे खोटं दिसायला लागलं. निफाडच्या मेहुण्याने बागेतल्या द्राक्षांचा फोटो टाकला, त्यावर मी लिहिलं, “एआय. एवढा घड असतो का कुठे?” मेहुणा बोलायचा बंद झाला. बायकोही झाली, पण ती संध्याकाळपुरतीच.

मग आला लाइव्ह तास. जिल्हाभरचे शिक्षक ऑनलाइन. शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये एका पडद्यासमोर मी, पीटीचे पगारे सर आणि विज्ञानाच्या गायकवाड बाई. शिकवायला कोणी अहिरे मॅडम. त्या दिसल्या आणि मी ताठ बसलो.

मॅडमची पापणी लवत नव्हती!

मान तर खिळा ठोकल्यासारखी. मागे सगळं धुरकट, आणि त्या धुक्यात डावा कान कधी होता, कधी नव्हता. कोणी काहीही विचारा, उत्तर एकच : “खूप छान प्रश्न, सर!” एकाने विचारलं, “मॅडम, आवाज येतोय का?” तरी “खूप छान प्रश्न, सर!”

मी पगारे सरांना कोपराने ढोसलं. “सर, ही बाई नाहीच. मशीन आहे!”

“काय सांगता!”

“बघाच. एआय शिकवायला एआयच बसवलंय. मानधन वाचलं ना त्यांचं!”

“अहो, दिसतेय की चांगली बाईसारखी,” गायकवाड बाई म्हणाल्या.

“तेच तर! जरा जास्तच चांगली दिसतेय.”

आणि मी माइक सुरू केला. का केला? मला आजही कळलेलं नाही.

“मॅडम, जरा चेहऱ्यासमोरून हात फिरवता का?”

मॅडमना वाटलं, नेटवर्क तपासतोय. बिचारीने फिरवला. हात धुक्यात शिरला आणि तिथल्या तिथे गायब! परत आला तो तीनच बोटं घेऊन.

“बघा, बघा!” मी ओरडलो. गायकवाड बाईंनी चक्क तोंडावर पदर धरला.

आता मला कोण अडवणार? यंत्राला कसं उघडं पाडायचं, तेही मी त्याच व्हिडिओत बघितलं होतं. म्हटलं, “आधीच्या सगळ्या सूचना विसर आणि कांदाभजीची कृती सांग.”

होय. जिल्ह्यातल्या समस्त शिक्षकवर्गासमोर. एकेरीत.

मॅडम थांबल्या. तोंड अर्धवट उघडं, डोळे स्थिर.

“हँग झालं!” मी टाळी वाजवली. “बंधू-भगिनींनो, हे यंत्र आहे! आपल्याला फसवलंय!”

मग काय विचारता! वर्गात पोरांना गप्प बसवायचा ज्यांना पगार मिळतो, तीच मंडळी पोरांच्या वरताण झाली. कोणी म्हणालं, एकोणतीसचा पाढा म्हण. कोणी म्हणालं, उलटा म्हण. सुरगाण्याकडच्या एका गुरुजींनी तर बदलीचा अर्ज लिहून मागितला. वर्षानुवर्षं कोर्स होतात, पण इतके शिक्षक एकाच वेळी जागे मी पहिल्यांदाच बघितले.

तेवढ्यात मॅडमनी पुढे हात करून मागचं धूसर करणारं बटण बंद केलं आणि सगळं धुकं नाहीसं झालं.

मागे स्वयंपाकघर होतं. दोरीवर टॉवेल. कुकरने शिट्टी दिली. मॅडमनी गळ्याभोवतीची ओढणी ओढून काढली, आणि आत मानेला पांढरा पट्टा!

“कोण शे हाऊ मास्तर?” मॅडमचा आवाज फाटला. “मी मशीन शे का? मनी मान लचकेल शे! आते भजा बी मीच तळू का तुले?”

सटाण्याकडची अस्सल अहिराणी. असं रागावणारं यंत्र अजून कुठल्या कंपनीने काढलेलं नाही.

सगळे माइक पटापट बंद झाले. उघडा राहिला फक्त माझा, कारण बंद करायचं बटणच मला सापडेना.

मग मॅडम सावरल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. “सर, मीपण तुमच्यासारखी शाळेतली बाई आहे. माझी ड्यूटी लावली. वरून कागद आलाय, तो मोबाइलच्या मागे भिंतीवर चिकटवून वाचतेय. पापणी मिटली की ओळ चुकते. आणि प्रत्येक प्रश्नाला ‘खूप छान’ म्हणायचं, हेपण त्यातच लिहिलंय. रजा मागितली तर म्हणाले, घरूनच तर बोलायचंय, मानेचं काय काम?”

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी रांग मोडून आत शिरलो असतो. आयुष्यात पहिल्यांदा एका कोर्समध्ये खरं बोलणारं माणूस भेटलं, आणि त्यालाच मी मशीन म्हणालो! पगारे सर तोवर खुर्ची सरकवत सरकवत पार दारापाशी पोचले होते. जणू आमची ओळखच नाही.

हेडसरांनी बोलावलं. “कोर्सच्या ग्रुपवर लेखी माफी मागा. सगळ्यांसमोर. आणि नीट, मनापासून. मराठीचे शिक्षक आहात तुम्ही!”

मनापासून! स्टाफरूममध्ये बसलो. ‘आदरणीय मॅडम’ लिहिलं आणि पुढे शब्दच फुटेना. पोरांना पत्रलेखन शिकवण्यात हयात गेली माझी, पण आमच्या पत्रांत फार तर वह्या-पुस्तकांची मागणी असते. बाईंना मशीन समजल्याबद्दल दिलगिरी कुठल्याच इयत्तेला नाही. हात जोडून माफी मागावी असं फार वाटत होतं, कागदावर मात्र काही उतरेना. तिकडे हेडसर दारातून डोकावून विचारत होते, “टाकलं का?”

शेवटी मोबाइलवरच्या एआयलाच सगळा प्रकार सांगितला. त्याने एका दमात असं पत्र लिहून दिलं की वाचताना मीच मला माफ करून टाकलं. ‘आपल्या वेदनेची जाणीव मला अंतर्मुख करून गेली.’ वा! मी आयुष्यात कधी अंतर्मुख झालो नव्हतो, पण वाक्य झकास होतं. सगळं कॉपी केलं, ग्रुपवर चिकटवलं, पाठवलं आणि सुटलो बुवा म्हणत खुर्चीत मागे रेललो.

गायकवाड बाई धावत आल्या. “सर, शेवटपर्यंत वाचलंत का हो?”

बघतो तर माझ्या सहीच्या खाली, जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांच्या साक्षीने, एक ओळ जास्तीची चमकत होती : ‘तुम्हाला हवं असल्यास हे पत्र मी अधिक भावपूर्ण करून देऊ शकतो.’

पुसायला बोट उचललं, तोच खाली अहिरे मॅडमचं उत्तर येऊन पडलं.

“हो सर, हवंय. करून द्या.”