इंजिनावरचं खोबरं

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. उंदरांनी कुरतडलेल्या गाडीच्या वायरी जोडायच्या होत्या आणि संध्याकाळच्या आत जोडायच्या होत्या. शनिवारी सकाळी सातला नवऱ्याचं डायलिसिस, शहरात राजारामपुरीच्या दवाखान्यात. मलकापूरहून एसटीत बसून जाण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

आदल्या दिवशी अवस होती. सासूबाई दर अवसेला गाडीपुढे नारळ फोडतात आणि खोबऱ्याची वाटी गुळासकट इंजिनावर ठेवून बॉनेट लावतात. हे धडधाकट होते तेव्हा तासाभरात ती काढून वाटून टाकायचे. आता ते काम कुणाचंच नव्हतं. मीही विसरले. सकाळी बॉनेट उघडलं तर वाटी रिकामी आणि बॅटरीजवळच्या पाच वायरी तुटलेल्या.

हे तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करत होते. रस्त्यालगत स्वतःचं दुकान होतं. आता हात कापतात, म्हणून ते अंगणात खुर्चीवर बसून सांगणार आणि मी करणार असं ठरलं. गावातला दुसरा वायरमन परगावी गेलेला होता.

मी बॅटरीची तार काढली, वायरींची टोकं सोलली. सासूबाई दारात उभ्या राहून उंदरांना शिव्या देत होत्या. ह्यांनी निळी वायर पिवळीला जोडायला सांगितली. निळीचं दुसरं टोक माझ्यासमोर लोंबत होतं. मी विचारलं, तर म्हणाले, "दुकान माझं होतं का तुझं? सांगतो ते कर की."

केलं. बॅटरी जोडून किल्ली फिरवली आणि फ्यूज उडाला. डब्यात शेवटचा एकच राहिला. मग त्यांनी निळी लालला जोडायला सांगितली. मी त्यांच्याकडे बघितलं. ते इंजिनाकडे बघतच नव्हते, जमिनीकडे बघत होते. तीस वर्षांत ह्या माणसानं चुकीची वायर जोडलेली मी पाहिली नव्हती.

मी सासूबाईंना चहा करायला आत पाठवलं. बॅटरी पुन्हा सोडवली, रंगाला रंग लावून पाचही वायरी पिळल्या, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली, फ्यूज बसवला. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. ह्यांचा चेहरा पडला.

इंजिन बंद करून मी त्यांच्यासमोर पायरीवर बसले. मुद्दाम केलंत का, असं सरळ विचारलं.

"गाडी बंद पडली म्हटलं असतं, तर जायचंच राहिलं असतं," ते म्हणाले. "कुणाला काय सांगाय लागलं नसतं."

"आणि आईंनी मरेपर्यंत त्या खोबऱ्याचा दोष स्वतःला दिला असता."

 हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. मग म्हणाले, "अडीच वर्षं झाली. सुई टोचायला दंडात जागा न्हाय राहिली. आता बास करूया की."

मी रडले नाही, समजूतही घातली नाही. विचार करते एवढंच म्हणाले आणि पक्कड, टेप डब्यात भरून ठेवली. चहा आला तो तिघांनी घेतला. सासूबाईंनी गाडी झाली का विचारलं. झाली, मी म्हणाले.

सकाळी साडेपाचला मी उठले. हे जागेच होते. आज तुम्ही नका येऊ, मी जाऊन येते, असं सांगितलं. डॉक्टरांनी मला एकटीलाच बोलावलंय, असं सासूबाईंना सांगितलं, खोटंच. गाडी काढली आणि एकटी राजारामपुरीत गेले. डॉक्टर येईपर्यंत दवाखान्यातल्या बाकावर बसले. आत गेल्यावर विचारलं, की डायलिसिस थांबवलं तर किती दिवस, त्रास काय होईल, घरी कोणतं औषध ठेवायचं आणि मन बदललं तर किती दिवसांच्या आत पुन्हा सुरू करता येईल. त्यांनी सांगितलं ते फाईलच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं. दोन शब्द कळले नाहीत, ते पुन्हा विचारले.